ट्रान्सपोज गुपचूप ओळी गाळतो: मोठ्या ॲरेवर मॅक्रो लिहिणाऱ्या नव्यांसाठी

मॅक्रो एररशिवाय चालला म्हणजे आकडे बरोबर आले, असं एमआयएसच्या (ऑफिसचे रिपोर्ट बनवण्याच्या) कामात नव्याने आलेली बहुतेक मुलं-मुली धरून चालतात. पण एक्सेल व्हीबीएमधली (मॅक्रो जिच्यात लिहितात त्या भाषेतली) सगळ्यात महागात पडणारी चूक एरर देतच नाही. लूप, रेंज, डिक्शनरी तुम्हाला येतंच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

डिक्शनरीतून युनिक ग्राहक क्रमांक काढायचे आणि ते एका कॉलममध्ये उतरवायचे, हे रोजचं काम. कीज (डिक्शनरीतल्या नोंदींची नावं, इथे ग्राहक क्रमांक) एकमितीय ॲरेमध्ये, म्हणजे एका रांगेच्या यादीत मिळतात. तो ॲरे उभ्या रेंजला थेट दिला तर प्रत्येक सेलमध्ये पहिलीच की छापली जाते. म्हणून जो तो ॲप्लिकेशन डॉट ट्रान्सपोज, आडव्याचं उभं करणारं फंक्शन, वापरतो. एका ओळीत काम होतं, आणि पाच-दहा हजार नोंदींवर ते बिनचूक चालतं.

गडबड 65,536 च्या पुढे आहे. एक्सेल 2007 पासून शीटवर 10,48,576 ओळी बसतात, पण ट्रान्सपोज आतून अजून जुन्या 65,536 ओळींच्या मापानेच मोजतो. जास्त नोंदी दिल्या की थांबत नाही, तक्रार करत नाही. 65,536 ने भागून उरलेली बाकी जेवढी, तेवढ्याच नोंदी परत देतो. 70,000 दिल्या तर 4,464. एक लाख दिल्या तर 34,464. दोन लाख दिल्या तर फक्त 3,392! डेटा वाढला आणि रिपोर्ट आटला, असं उलटं दृश्य दिसलं की संशय आधी इथे घ्या.

हे लक्षात येणं रेंज कशी मोजली त्यावर ठरतं. रिसाइझ करताना (रेंजचा आकार ठरवताना) डिक्शनरीचा काउंट वापरला असेल, तर वरच्या 70,000 च्या उदाहरणात 4,464 ओळींनंतर खाली सगळीकडे #एन/ए दिसतं. निदान डोळ्यांना खुपतं तरी. पण रिसाइझ जर ट्रान्सपोज झालेल्या ॲरेच्या यूबाउंडवर (शेवटच्या घराच्या क्रमांकावर) केला असेल, तर शीट अगदी स्वच्छ दिसते. 65,536 नोंदी गेल्या आणि कुठे खूण नाही. असला रिपोर्ट पुढे जातो, त्यावर बेरजा होतात, निर्णय होतात. म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय.

तपासायला जड काही नाही. रिकाम्या मॉड्यूलमध्ये 65,536 घरांचा ॲरे भरा, ट्रान्सपोज करा, व्हीबीए एडिटरमधल्या इमिजिएट विंडोत यूबाउंड छापा. मग 65,537 घरांचा करून तेच करा. ऑफिसच्या ज्या मशीनवर मॅक्रो चालणार आहे, तिथेच करा.

उपाय साधा लूप. द्विमितीय ॲरे घ्या: ओळी 1 ते डिक्शनरीचा काउंट, कॉलम 1 ते 1. कीज आधी एका व्हेरिएंटमध्ये (काहीही मावणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) उतरवून घ्या, कारण लूपच्या आत प्रत्येक वेळी डिक्शनरीकडे कीज मागितल्या तर दर फेरीला संपूर्ण ॲरे नव्याने तयार होतो आणि मॅक्रो रांगायला लागतो. कीज शून्यापासून मोजल्या जातात, तुमचा ॲरे एकपासून. हा एकाचा फरक सांभाळा. काउंटर लाँग प्रकारचाच हवा, इंटिजर 32,767 च्या पुढे ओव्हरफ्लो होतो. मग एका फटक्यात रेंजला द्या. लाखभर नोंदींचा लूप मेमरीत डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतो. लूप हळू असतो हे सेलमध्ये एकेक करून लिहिण्याबद्दल खरं आहे, ॲरेबद्दल नाही. घाबरू नका.

रीडिम प्रिझर्व्ह (आतला डेटा राखून ॲरेचा आकार बदलणारा आदेश) फक्त शेवटची मिती वाढवतो, म्हणून काही जण ॲरे आडवा वाढवत नेतात आणि शेवटी ट्रान्सपोज करतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच मूळ डेटाच्या ओळींएवढा ॲरे घ्या, लागेल तेवढा भरा आणि लिहिताना रेंज भरलेल्या ओळींएवढीच ठेवा. एक्सेल वरचा भाग उचलतो, उरलेला सोडून देतो.

ट्रान्सपोजची आणखी एक खोड म्हणजे तारखा. रेंजच्या व्हॅल्यूमधून आलेल्या तारखांचं तो टेक्स्ट करतो, आणि ते टेक्स्ट परत शीटवर लिहिताना व्हीबीए अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचतो. 05-04-2024, म्हणजे आपली 5 एप्रिल, 4 मे होऊन बसते. दिवस 12 च्या पुढचा असेल तर हा घोळ होत नाही, त्यामुळे नमुन्यादाखल 25 तारखेची नोंद पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. वाचताना व्हॅल्यूऐवजी व्हॅल्यू2 घ्या: 5 एप्रिल 2024 नुसता 45387 म्हणून येतो आणि तसाच परत जातो, फॉरमॅट शीटवर लावा. करन्सी फॉरमॅटच्या सेललाही व्हॅल्यू2 बरा, कारण व्हॅल्यू चार दशांश स्थळांपुढचं ठेवत नाही.

इंडेक्स फंक्शनने ॲरेमधला अख्खा कॉलम उचलतानाही हीच मर्यादा आडवी येते, पण तिथे टाइप मिसमॅच, एरर 13 येतो. मॅक्रो थांबतो हे चांगलंच.

आणि इथेच ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आला तरी पुढच्या ओळीवर जा, हा आदेश) घात करतो. यादीत शोध घेणाऱ्या वर्कशीटफंक्शन डॉट मॅचला नोंद सापडली नाही की एरर येतो, ती ओळ वगळली जाते आणि व्हेरिएबलमध्ये आधीच्या नोंदीचं उत्तर तसंच राहतं. म्हणजे न सापडलेल्या ग्राहकाला शेजारच्याची रक्कम! ही ओळ मॅक्रोच्या डोक्यावर लावायला शिकवणारा सीनियर कितीही हुशार असो, यात त्याचं ऐकू नका. वर्कशीटफंक्शन गाळून ॲप्लिकेशन डॉट मॅच वापरा, उत्तर व्हेरिएंटमध्ये घ्या, इझएररने तपासा. मॅचचा तिसरा आर्ग्युमेंट 0 लिहायला विसरू नका; न लिहिल्यास तो 1 धरतो आणि सॉर्ट नसलेल्या डेटावर भलतंच उत्तर देतो.

शीटवर लिहिण्याआधी डिक्शनरीचा काउंट आणि ॲरेचा यूबाउंड जुळतो का ते पाहा. जुळला नाही तर मॅक्रो तिथेच थांबवा. लिहून झाल्यावर त्या रेंजवर काउंटए (भरलेले सेल मोजणारं फंक्शन) चालवा, रकमेचा कॉलम असेल तर मूळ शीटची आणि निकालाची बेरीजही ताडून पाहा. बेरीज पैशांत हुकत असेल तर राउंड बघा: व्हीबीएचा राउंड 2.5 चे 2 करतो, शीटवरचा 3.