मेयोनीज घरी करताय? बलक आधी शिजवा

"अंडं ताजं घ्या, टरफल धुवा, मग कच्चं चालतं," असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. नाही चालत. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू नुसता टरफलावर बसत नाही. कोंबडीच्या अंडाशयात त्याचा संसर्ग असेल, तर टरफल तयार होण्याआधीच तो अंड्यात शिरतो. कोंबडी धडधाकट, अंड्याला ना वास ना तडा, आणि जिवाणू आत. खाल्ल्यावर 6 ते 72 तासांत ताप, पोटात मुरडा, जुलाब. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्यात फार लवकर खचतात. केरळने जानेवारी 2023 मध्ये आणि तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली, ती उगाच नाही.

दोन बलक, दोन मोठे चमचे पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. फेटून घ्या.

आता अवघड काम. बलक 71 अंश सेल्सिअसला पोहोचलाच पाहिजे, पण गोळा व्हायला नको. मी आधी पातेलं थेट गॅसवर ठेवायचे. कडेला गुठळ्या, मध्ये कच्चंच. एकदा गुठळ्यांच्या भीतीने लवकर उतरवलं आणि सगळं ओतून दिलं, कारण घरात गरोदर बहीण होती. अंदाजावर तिला कसं वाढणार?

पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवा. वर स्टीलचं भांडं, त्याचं बूड पाण्याला टेकता कामा नये. बूड आणि कडा खरवडत सतत ढवळा, फोन आला तरी हात थांबवू नका. मिश्रण चमच्याच्या पाठीला चिकटून बोटाने ओढलेली रेघ तशीच राहू लागली, की थर्मामीटर लावा. टोक भांड्याला टेकलं तर आकडा खोटा येतो. पाणी आणि रस कमी करू नका, नुसता बलक 71 च्या आतच गोळा होतो. लिंबाच्या आंबटपणाने जिवाणू मरेल यावर मात्र मुळीच विसंबू नका. 71 दिसले, की भांडं लगेच गार पाण्यात.

मग मिक्सरमध्ये मीठ, मोहरीची पूड आणि बारीक धारेने एक कप तेल.

फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. ज्या काट्याने कच्चा बलक फेटला, तो साबणाने धुतल्याशिवाय परत यात घालू नका.