हेल्मेट रस्त्यावर कमी, आरशावर जास्त खराब होतं : या चुका टाळा

दिवसातून तास-दीड तास हेल्मेट डोक्यावर असतं. बाकीचा सगळा वेळ ते कुठंतरी पडलेलं असतं. आरशावर, डिकीत, फ्रिजवर, नाहीतर शेतातल्या शेडच्या खिळ्यावर. सांगलीत दुचाकीच्या सामानाचं दुकान चालवताना जुनी हेल्मेटं रोज हातात येतात. ती बघून माझं मत असं झालंय की बहुतेक हेल्मेटांची वाट ठेवायच्या जागेवरच लागते. वरचा रंग चकाचक असतो, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही.

आत काय असतं ते आधी बघू. बाहेरचं कवच एबीएस प्लॅस्टिकचं, पॉलिकार्बोनेटचं किंवा फायबरचं. त्याच्या आत ईपीएसचा जाड थर. काउंटरवर आम्ही त्याला सरळ थर्माकोल म्हणतो, आणि आहेही ते त्याच जातीचं, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की हा थर चेपतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा जसा तसाच राहतो, तसंच हे. आता हे चेपणं आरशाच्या दांडीवरच खर्ची पडलं, तर डोक्याच्या वाटणीला काय उरणार?

आरशावर टांगणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. विश्रामबागेत कुठल्याही क्लासबाहेर उभं राहा, गाड्यांच्या रांगेत निम्म्या आरशांवर हेल्मेटं दिसतील. आरशाची कड किंवा दांडी आतल्या कापडाला टेकते, हेल्मेटचं सगळं वजन त्या एका टिचभर जागेवर येतं. गाडी जरा हलली, शेजारच्यानं आपली गाडी काढताना धक्का दिला, की टोक आणखी रुतायचं. काहीजण तर रिकामं हेल्मेट आरशावर तसंच ठेवून गाडी चालवतात. प्रत्येक खड्ड्याला आत एक ठोसा.

मागं एक कॉलेजचा पोरगा आला. "दादा, व्हायझर तेवढा बदलून द्या." व्हायझर काढताना आतलं पॅडिंग सैल लागलं, म्हणून बटणं सोडून ते बाहेर काढलं. उजव्या कानशिलाच्या जरा वर थर्माकोलात दहाच्या नाण्याएवढा खड्डा, कडेनं दाणे सुटलेले. त्याला दाखवलं.

"पण मी कधी पडलोच नाही ओ."

"आरशावर टांगतोस ना?"

"मग कुठं टांगू?"

प्रश्न रास्त आहे. बऱ्याच गाड्यांना सीटच्या बाजूला किंवा खाली हेल्मेटसाठी हुक असतो, पण तो आहे हेच अनेकांना माहीत नसतं. पट्ट्याची कडी त्यात अडकवायची, म्हणजे वजन पट्ट्यावर येतं आणि थर्माकोलला काही लागत नाही. चोर पट्टा कापून नेईल ही भीती खरी आहे, तेव्हा भारीतलं हेल्मेट असेल तर सोबत आत घेऊन जा. काहीच सोय नसेल तर सरळ जमिनीवर, तोंड खाली करून ठेवा. मळेल, पण पडणार नाही. सीटवर ठेवलेलं मात्र पडतंच. कुणाची तरी पिशवी लागते आणि हेल्मेट गडगडत गटारीपर्यंत जातं. पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचीही बऱ्याच जणांना सवय असते. उन्हात तापलेला पत्रा आणि झाकणातून येणारी पेट्रोलची वाफ, दोन्ही थर्माकोलला वाईट.

हेल्मेट हातातून पडलं म्हणून लगेच फेकायची गरज नाही. आत डोकं नसताना कमरेएवढ्या उंचीवरून एकदा पडलं, तर बहुधा कवचावर ओरखडा येऊन भागतं. पॅडिंग काढून थर्माकोल बघा. तडा नसेल, कवचापासून सुटलेलं नसेल, तर वापरा. आत डोकं असताना आपटलेलं हेल्मेट मात्र बाहेरून कितीही ठीक दिसो, बाद. यात घासाघीस करू नका.

जतचं ऊन, शिराळ्याचा पाऊस

आपला जिल्हा तसा विचित्र. पूर्वेला जत-आटपाडीकडं ऊन आणि धूळ, पश्चिमेला शिराळा-चांदोलीकडं चार महिने ओल. हेल्मेटचे दोन्ही वैरी एकाच जिल्ह्यात.

आधी उष्णता. ईपीएसला साधारण 75–80 अंशांपर्यंतच झेपतं. एवढं ऊन कुठं असतं, असं वाटेल. पण मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या चारचाकीत डॅशबोर्ड किंवा मागच्या काचेखालचा भाग या आकड्याच्या जवळ जाऊ शकतो. स्कूटरची डिकीही उन्हात तापते, खालून इंजिनची धग असतेच. एका दुपारी हेल्मेट वितळत नाही. पण आधी पॅडिंगचा गोंद सुटतो, मग थर्माकोल आकसून कवचापासून जरासं वेगळं होतं आणि हेल्मेट हलवलं की आत खडखड वाजायला लागतं. पत्र्याच्या घरात माळ्यावर टाकलेल्या हेल्मेटचं हेच होतं, फक्त सावकाश.

डिकीची आणखी एक गोष्ट. गावाकडची माणसं अडीअडचणीला म्हणून पेट्रोलची बाटली डिकीत ठेवतात, आणि तिच्याच शेजारी हेल्मेट. पेट्रोलनं थर्माकोल विरघळतं. खोटं वाटत असेल तर खोक्यातल्या थर्माकोलच्या तुकड्यावर उघड्यावर, आगीपासून लांब, दोन थेंब टाकून बघा, डोळ्यांदेखत भोक पडतं. बाटली डिकीत ठेवणंच मुळात धोक्याचं आहे, हेल्मेट असो वा नसो.

आता ओल. पावसात भिजून आलं की हेल्मेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून ठेवणारे लोक आहेत. दोन दिवसांत आत बुरशी, आणि असा वास की डोक्यात घालवत नाही. दुसरं टोक म्हणजे घाईनं वाळवणं. चुलीजवळ, गॅसच्या शेगडीवर धरून, हेअर ड्रायरनं, नाहीतर थेट कडक उन्हात. हे सगळं टाळा. व्हायझर उघडा, पॅडिंग निघत असेल तर काढा, कोरड्या सुती फडक्यानं आतून टिपून घ्या आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा, उघडी बाजू वाऱ्याकडं करून. सकाळी पॅडिंग दमट लागलं तर आणखी थांबा. चांदोलीच्या बाजूला रोज ये-जा असेल, तर पॅडिंगचा दुसरा जोड मिळतो का ते हेल्मेट घेतानाच विचारा. पावसाळ्यात तो फार उपयोगी पडतो.

डांबरगोळ्या, थिनर आणि टूथपेस्ट

वास जावा म्हणून हेल्मेटमध्ये डांबरगोळ्या टाकून कपाटात ठेवलेलं मी स्वतः बघितलंय. गोळ्या जिथं टेकल्या होत्या तिथं थर्माकोल चिकट होऊन खोलगट झालं होतं. या गोळ्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच. कपड्यांच्या कपाटात गोळ्या असतील तर हेल्मेट दुसरीकडं हलवा. ओल शोषायला नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यांचा त्रास नाही.

साफसफाईत सगळ्यात मोठं नुकसान करणारे म्हणजे पेट्रोल, थिनर आणि रॉकेल. डांबराचा डाग, जुना स्टिकर, रंगाचा शिंतोडा काढायला गॅरेजमध्ये यातलंच काहीतरी हाताशी असतं. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला अशा द्रावणांनी बारीक तडे जातात. ते आज दिसत नाहीत, धक्का बसल्यावर कवच तिथंच फुटतं. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रेही व्हायझरवर नको. कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू, एवढ्यावर सगळं भागतं.

उसाच्या पट्ट्यातून तिन्हीसांजेला गाडी चालवणाऱ्यांच्या व्हायझरवर किड्यांचा थर बसतो. तो कोरडाच खरवडायचा नाही. ओलं फडकं व्हायझरवर पाचेक मिनिटं पसरून ठेवा, किडे फुगतात आणि अलगद निघतात. टूथपेस्टनं ओरखडे जातात म्हणून घासू नका. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी व्हायझरवरचा कडक लेप निघतो, आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट फुटून पसरल्यासारखा दिसायला लागतो. ओरखडे डोळ्यांसमोर येत असतील तर व्हायझर बदला.

डोक्याचं तेल हा आपल्याकडचा खास विषय. खोबरेल लावून निघालं की ते पॅडिंगमध्ये मुरतं, त्यात घाम आणि धूळ. फोम चिकट होऊन बसतो आणि वर्षभरात हेल्मेट सैल वाटायला लागतं. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल बांधा आणि ते रोज धुवा. पॅडिंग महिन्यातून एकदा हातानं धुतलं तरी पुष्कळ. वॉशिंग मशीनमध्ये पिळू नका.

बरेच दिवस ठेवायचं असेल तर

पोरगा पुण्याला शिकायला गेला आणि हेल्मेट घरी राहिलं, असं घरोघरी असतं. ठेवण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा. सोबत आलेल्या कापडी पिशवीत घाला, नसेल तर जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात. प्लॅस्टिकची पिशवी नको. व्हायझर जरासा उघडा ठेवा. कपाटातला आतला, अंधारातला कप्पा उत्तम. वर काही रचू नका आणि हेल्मेटमध्ये किल्ल्या, हातमोजे, टॉर्च असलं काही कोंबू नका. पोत्यांच्या खोलीत ठेवत असाल तर उंदरांचा विचार करा. पट्टा आणि फोम त्यांच्या आवडीचे.

शेडमध्ये टांगून ठेवलेलं हेल्मेट न बघता डोक्यात घालू नका. कुंभारीण माशी हवेच्या भोकात मातीचं घर बांधते, कोळी आणि विंचूही आत शिरतात. उलटं करून दोनदा आपटायचं नाही, तळहातानं थोपटायचं आणि आत उजेड पाडून बघायचं.

आणि महापूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कितीतरी हेल्मेटं गाळात गेली. धुतल्यावर ती नवीसारखी दिसतात, पण पुराच्या पाण्यात डिझेल, ऑइल, काय काय असतं ते सांगता येत नाही. थर्माकोल आणि कवच यांच्यामधला गाळ निघत नाही. पुरात बुडालेलं हेल्मेट मी कुणाला वापरायला सांगणार नाही.

काही अडचणी, काही उपाय

व्हायझर कुरकुरतोय किंवा अडकतोय? बहुधा बिजागरीत धूळ असते. व्हायझर काढा, मऊ ब्रशनं झाडा, सिलिकॉन ऑइलचा एक थेंब द्या. गाडीचं ऑइल किंवा गंज काढायचा स्प्रे नको.

बक्कल लागत नाही? आत चिखल वाळलेला असतो. कोमट पाण्यात बुडवून आत-बाहेर करा. तरीही कट्ट आवाज येऊन घट्ट बसत नसेल, किंवा पट्ट्याचे धागे सुटले असतील, तर ते हेल्मेट घालणं न घालणं सारखंच.

सैल झालंय? पट्टा लावून हेल्मेट पुढं-मागं ढकला. कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर गालाकडचं पॅडिंग नवं टाका, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर हेल्मेट बदला. आत रुमालाच्या घड्या घालून भागवू नका.

कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा साखर कारखान्यात कामगारांच्या डोक्यावर जी प्लॅस्टिकची सेफ्टी टोपी असते तिची गोष्ट जरा वेगळी. ती दुचाकीवर घालायची नसते. तिचं मानक आयएस 2925, दुचाकीच्या हेल्मेटचं आयएस 4151. बहुतेक टोप्यांत थर्माकोल नसतं, पट्ट्यांचा पाळणा असतो, आणि तो आणि कवच यांच्यातली मोकळी जागाच धक्का झेलते. त्या जागेत तंबाखूची पुडी, मोबाइल, रुमाल ठेवला की टोपीचं काम संपलं. ऊन तिला खातं. प्लॅस्टिक पांढुरकं, खडूसारखं झालं किंवा चकाकी गेली की टोपी मागून घ्या. पाळणा बऱ्याचदा वेगळा मिळतो.

शेवटी वय. हेल्मेटच्या आत स्टिकरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. नीट वापरलेलं हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदला. रोजचं ऊन लागत असेल तर आधीच. दुकानात स्टिकर बघूनच घ्या, कारण तिथंही माल पडून असतो. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी रस्त्याकडेला विकलं जातंच. आईसाठी, बहिणीसाठी म्हणून जुनंच पुढं करायची पद्धत तर घरोघरी आहे. मागं बसणाऱ्याचं डोकं काही वेगळ्या मातीचं नसतं.

बाद झालेलं हेल्मेट भंगारवाल्याला देण्याआधी कात्रीनं पट्टा कापा आणि कवचावर मार्करनं मोठी फुली मारा. नाहीतर ते पुसून-पासून जुन्या बाजारात शंभर रुपयांना परत कुणाच्या तरी डोक्यावर चढतं.