जंगलातल्या मातीतले बॅक्टेरिया: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टला किंवा पीएचडीला जंगलातल्या मातीतले बॅक्टेरिया घेणार असाल तर आधी सांगतो, हे काम हुशारीपेक्षा चिकाटीचं जास्त आहे. न्यूट्रिएंट आगरवर (बॅक्टेरिया वाढवायचं नेहमीचं, भरपूर अन्न असलेलं मीडियम) माती पसरली की दोन दिवसांत प्लेट भरते, बघायला भारी वाटतं, पण त्यात बहुतेक बॅसिलस नाहीतर स्यूडोमोनासच असतात, आणि मातीत खरी मोठी संख्या ज्यांची, म्हणजे अ‍ॅसिडोबॅक्टेरिया वगैरे, ते अशा श्रीमंत मीडियावर सहसा दिसतच नाहीत.

त्यांना उपाशी ठेवायचं. आर२ए (कमी अन्नाचं मीडियम) किंवा शंभरपट पातळ केलेलं ब्रॉथ, पीएच ५.५ च्या आसपास (आधी मातीचा पीएच मोजा आणि त्याच्या जवळ राहा, जंगलातली माती बऱ्याचदा आम्लधर्मी निघते), बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड, पण ते विषारी असतं म्हणून ग्लोव्हज घालूनच. अजून एक गोष्ट म्हणजे आगर आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक मंडळी त्यातच मरतात, म्हणून वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. एवढ्या साध्या बदलाने कॉलनीज वाढतात, तरी लोक आळस करतात.

मग प्लेट पॅराफिल्मने बंद करून आठवडेच्या आठवडे ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात जे उगवलं त्यावर प्लेटच्या मागून मार्करने टिंब द्या, नंतर टिंब नसलेली जी टाचणीच्या टोकाएवढी कॉलनी दिसेल ती उचला, माझ्या मते अर्धी रिसर्च इथेच होते. एडाफोबॅक्टर ही जीनस २००८ मध्ये जंगल आणि आल्प्सच्या मातीतूनच वर्णन झाली, तिच्यातली एक प्रजाती मोडेस्टस. प्युअर झालं की लगेच ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला, उद्या करू म्हणायचं नाही.

ओळख पटवायला १६एस जीन (सगळ्या बॅक्टेरियांत असतो, म्हणून तुलनेला सोयीचा), साधारण १५०० बेसचा, २७एफ आणि १४९२आर प्रायमरने. नुसता ब्लास्ट मारला (म्हणजे सीक्वेन्स ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोधला) तर वरती सगळे ‘अनकल्चर्ड’च, म्हणजे कधी न वाढवलेले, येतात, त्यापेक्षा टाइप स्ट्रेन्सशी, म्हणजे प्रजातीच्या अधिकृत नमुन्यांशी, तुलना करा. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर नवी प्रजाती असण्याची आशा धरा, वर आलं तरी लगेच नाराज होऊ नका, कारण निकाल शेवटी जीनोमवर लागतो, एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली पाहिजे. त्यानंतर फॅटी अ‍ॅसिड, क्विनोन वगैरे पेशीतल्या रसायनांच्या तपासणीचा कंटाळवाणा भाग, तो कुणाला तरी सोबत घेऊन उरका.

आणि नाव द्यायची घाई असेल तर आधी कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जिथे जिवंत कल्चर जपून ठेवतात) जमा करावं लागतं, त्याशिवाय नाव व्हॅलिड धरत नाहीत. परदेशी कल्चर पाठवायची कागदपत्रं फार वेळ खातात, तेव्हा जीनोमचा निकाल मनासारखा आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, पेपर लिहिणं मागाहून चालू राहू दे.