जज लँडिसवर पाच मिनिटं बोलायचंय? मग असं करा

पुण्यात लॉ करणाऱ्या पोरांना प्रेझेंटेशनला कुठला तरी परदेशी जज मिळतो आणि रात्री बाराला माझा फोन वाजतो, यंदा भाचीला अमेरिकेचा केनेसॉ माउंटन लँडिस मिळाला, तिला सांगितलं तेच इथे टाकतोय.

जन्मापासून सुरू करू नका, मागच्या बाकांवर लगेच मोबाइल निघतात. १८६६, ओहायो, एका वाक्यात उरका. नावाची गंमत मात्र सांगा, वडील लष्करात सर्जन, जॉर्जियातल्या केनेसॉ डोंगराच्या लढाईत जखमी झाले आणि तेच नाव पोराला! आपल्याकडे कुणी पोराचं नाव पानिपत ठेवेल का?

सुरुवात करा शिकागोच्या कोर्टात, १९०७ मध्ये. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०५ ला नेमलेला हा जज, समोर स्टँडर्ड ऑइल या बड्या तेल कंपनीची इंडियानाची शाखा-कंपनी. शंभर पौंडाला १८ सेंट भाडं असताना रेल्वे त्यांच्याकडून ६ च घेत होती, आणि अशी सूट घेणं एल्किन्स कायद्यात गुन्हा. आता बोर्डावर गणित मांडाच: १,४६२ गुन्हे (वॅगनगणिक एक) गुणिले प्रत्येकी २०,००० डॉलर दंड. उत्तर २,९२,४०,०००. आकडा बोलू नका, खडूने लिहा, शून्यं मोजू द्या.

इथे कुणीतरी "अरे हा तर रामशास्त्री!" म्हणणारच, पुणं आहे. तेव्हा लगेच १९०८ वर या. अपील कोर्टाने निकाल उलटवला, वॅगनगणिक गुन्हा मोजला तेच चुकलं म्हणाले, शिवाय त्या कंपनीचं भांडवल होतं फक्त दहा लाख डॉलर. दमडी वसूल झाली नाही. भाचीच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दंड होता, अपील गायब, बहुतेक जण तिथेच फसतात.

बेसबॉल दीड मिनिटात बसवा. १९२० च्या शेवटी लँडिस बेसबॉलचा कमिशनर, म्हणजे सगळ्यात वरचा अधिकारी झाला, पण जजची खुर्ची सोडली १९२२ ला, म्हणजे वर्षभर दोन्हीकडे, यावर प्रश्न येणार हे धरून चाला. १९२१ मध्ये मॅच फिक्सिंगच्या केसमधून ज्युरीने खेळाडूंना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी ह्याने आठ जणांना कायमचं बाहेर काढलं. १९४४ ला वारला तोवर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हेही गाळू नका, कौतुकाच्या भरात तेच राहून जातं.

जज म्हणूनच्या तारखा फेडरल ज्युडिशियल सेंटर या अमेरिकन फेडरल कोर्टांच्या संस्थेच्या साइटवर तपासा. आणि केनेसॉ म्हणायची प्रॅक्टिस करा, भाची आरशासमोर तीनदा "केनेसाव" म्हणाली.