मागाचा कान आणि गाठीचा कान

आमच्या बेळगावच्या वडगावात कुणाचा कान गेला की सगळे मागाकडे बोट दाखवतात. मीही ३० वर्षं यंत्रमागावर साड्या विणल्या, म्हणून डाव्या कानाने कमी यायला लागलं तेव्हा दोन वर्षं गप्प बसलो. चूक तिथंच झाली. मागाच्या खडखडाटाने बहुतेक दोन्ही कान सारखेच उतरतात. एकच मागे पडत असेल तर मागाला शिव्या देत बसू नका, तपासून घ्या. माझ्या कानाच्या शिरेवर १२ मिलिमीटरची गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, साधी. तोल सांभाळणाऱ्या शिरेच्या आवरणातून ती उगवते; ऐकण्याची शीर हाडाच्या त्याच बोळातून जाते, म्हणून तिच्यावर दाब येतो.

घरी ओळखायला फोन पुरतो. उजव्या हाताने ऑर्डर लिहायची म्हणून मी फोन कायम डाव्या कानाला धरायचो. कधी उजव्या कानाला गेला, मला कळलंच नाही. मग लिहायला हात मोकळा राहीना, पोराला हाक मारायची, "अरे, लिहून घे की!" त्यावर बायको म्हणाली, "डाव्या कानानं ऐकू यायलंय का नाही तुम्हाला?" यायचा तो आवाज यायचा, पण सातशे म्हणाला की आठशे, ते कळेना. सोबत कानात सतत 'कुंई'. फोन दोन्ही कानांना आलटून पालटून लावून बघा.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ नाही ना, ते बघून घ्या. मग ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या कानाला किती ऐकू येतं त्याची चाचणी. तिथं दोन गोष्टी धरून ठेवा. वाईट कान तपासताना चांगल्या कानात 'सर्र' आवाज सोडायला लावा, नाहीतर चांगला कान त्याच्या वाटचं ऐकतो. आणि शब्दांची चाचणी मराठीतच मागा. मला पहिल्यांदा कानडी शब्द ऐकवले. माझं कानडी बाजारापुरतं. चुकले ते कानामुळे की भाषेमुळे, कुणाला सांगता येणार?

खात्री एमआरआयनेच होते, हाताच्या रक्तवाहिनीतून औषध देऊन. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. बेरा चाचणीत, म्हणजे कानाच्या शिरेतून आवाज मेंदूकडे कसा जातो ते मोजतात त्यात, लहान गाठ नजरेतून सुटू शकते. एका रात्रीत कान बसला तर मात्र वाट बघू नका. स्टेरॉइड लवकर, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं.

पुढे लक्ष ठेवणं, रेडिएशन किंवा ऑपरेशन. प्रत्येक वाटेत ऐकण्याचं काय होईल, ते स्पष्ट विचारा. मी लक्ष ठेवलंय: सहा महिन्यांनी एमआरआय, मग दरवर्षी. गाठ वाढली नाही तरी कान उतरू शकतो, माझा उतरला.

एका कानाने दिशा कळत नाही. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी हॉर्न वाजला की मी आधी थांबतो, मग दोन्हीकडे बघतो. वडापच्या रिक्षात डाव्या कडेला बसतो, म्हणजे बोलणारे सगळे उजवीकडे. कानाच्या साध्या मशीनने आवाज मोठा होतो, शब्द सुटे होत नाहीत. त्यापेक्षा वाईट बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं क्रॉस मशीन आठवडाभर वापरून मग ठरवा.

उरलेल्या कानाला जपा. मागावर मी आता इअरमफ घालतो. बाजूचे कारागीर अजून कापसाचे बोळेच घालतात. त्याने आवाज फारसा अडत नाही, रोज सांगतो. मागाच्या आवाजात त्यांनाही ऐकू येत नाही.