जुनं पॅड वाचायला शिका : बडोद्यात युरोपियन गाड्यांच्या ब्रेकचं काम

पहिल्याच दिवशी काकांनी टेबलावर चार जुनी ब्रेक पॅड्स मांडली. काका म्हणजे आमचे मालक, वर्कशॉपमध्ये सगळेच त्यांना काका म्हणतात. "हातात घेऊन बघ आणि सांग, या गाडीला काय झालं होतं," ते म्हणाले. तरसालीच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची दोन वर्षं पुरी करून मी नुकताच बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला लागलो होतो. पॅड्स झिजलीत, एवढंच मला दिसलं. काका काही बोलले नाहीत. ती चार पॅड्स तशीच टेबलावर राहिली आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत ती उलटीपालटी करून बघायचो. आठव्या दिवशी म्हणालो, "काका, या चाकाची खालची पिन जाम होती." त्यांनी कपाट उघडून गंजलेली पिनच माझ्या हातात ठेवली.

त्याला नऊ वर्षं झाली. आमच्याकडे फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज याच गाड्या येतात. हल्ली शहरातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या ओळखीच्या घरांतली मुलं विचारायला येतात, की या कामात शिरायचं तर सुरुवात कुठून करायची. मी म्हणतो, ब्रेकपासून. ब्रेकमध्ये बहुतेक सगळं डोळ्यांना दिसतं, हाताने मोजता येतं आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक, ते त्याच दिवशी कळतं. शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? नवी पॅड्स बसवणं दोन महिन्यांत कोणालाही जमतं. जुनी अशी का झिजली, हे सांगता येणं ही खरी कारागिरी आहे, आणि तिच्यावर मेहनत घ्यायला मी सांगेन.

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड्स दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बहुतेक गाड्यांना पुढे फ्लोटिंग, म्हणजे सरकणारा, कॅलिपर असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर गाईड पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. आतलं पॅड 3 मिमी उरलंय आणि बाहेरचं 8, म्हणजे पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाहीये. बाहेरचं जास्त झिजलं असेल तर कॅलिपर सरकतो पण सुटत नाही. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर दोनपैकी एक पिन अडकलीय. काकांच्या टेबलावर तेच होतं. डाव्या चाकाची दोन्ही पॅड्स संपलीत आणि उजवीकडची निम्मी शिल्लक आहेत, तर संशय डाव्या पिस्टनवर, नाहीतर ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर. हा पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतून सुजून बंद झालेला असतो. पेडलच्या दाबाने तेल पुढे जातं, परत येत नाही. चाक उचललेलं असताना जाम असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडरचा स्क्रू (आतली हवा-तेल बाहेर सोडायचा) अर्धा आटा सैल करून बघा. चाक फिरायला लागलं तर आत दाब अडकलेला होता. तरीही फिरत नसेल तर पिन किंवा पिस्टन गंजलाय.

पिना का जाम होतात? आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पाहतो: आधी कोणीतरी बेअरिंगचं साधं ग्रीस चोपडलेलं असतं, किंवा रबरं रॉकेल-डिझेलने धुतलेली असतात. ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा आणि धुवायला ब्रेक क्लीनर वापरा. कॉम्प्रेसरच्या हवेने भुकटी उडवू नका, ती तुमच्याच छातीत जाते. हे मी नव्या मुलांना रोज सांगतो, आणि रोज कोणीतरी हवेची नळी उचलतोच.

आता डिस्क. किमान किती जाडी चालेल ते डिस्कवरच कोरलेलं असतं. वायर ब्रशने गंज काढला की दिसतं. आमच्याकडच्या पुष्कळशा ऑक्टाव्हियांची पुढची डिस्क 288 मिमी व्यासाची असते. नवी असताना 25 मिमी जाड, 22 ला आली की बाद. मोजताना नवीन मुलं हमखास फसतात. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली एक धार उरते. व्हर्नियरचे जबडे त्या धारेवर बसतात आणि माप 25 च्या जवळ येतं, प्रत्यक्षात आत 21 असतं. डिस्कचा मायक्रोमीटर नसेल तर एक रुपयाची दोन नाणी घ्या. आधी दोन्ही एकत्र मोजून आकडा लिहून ठेवा. मग धारेच्या आत, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून बाहेरून माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. एका जागी मोजून भागत नाही, चाक फिरवत सहा-आठ ठिकाणी घ्या.

कस्टमर विचारतात, "डिस्क लेथवर फिरवून सपाट करून घेऊ या ना?" मकरपुऱ्यात लेथची काय कमी! पण नव्या डिस्कपासून बाद डिस्कपर्यंत अंतरच 3 मिमीचं, त्यातलं बरंचसं आधीच झिजलेलं, लेथवर काढायला उरतंच काय? शिवाय युरोपियन पॅड्स जोरात पकडतात, तशी डिस्कही खातात आणि अलॉय व्हीलवर काळी भुकटी बसवतात. जपानी गाडीची सवय असलेल्या माणसाला हे खटकतं. त्याला समजावून सांगा, मापं लिहिलेला कागद दाखवा. मी तोंडी कधीच सांगत नाही. कागदावर चारही चाकांची पॅड आणि डिस्कची मापं असतात, आणि काढलेला माल कस्टमरसमोर ठेवलेला असतो.

एक प्रसंग सांगतो. मला कामाला लागून पाच महिने झाले होते. ऑक्टाव्हियाची पुढची पॅड्स बदलली, चाकं बसवली, गाडी लिफ्टवरून उतरवली. काका ऑफिसात होते. मी आत बसलो, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल थेट खाली गेलं, मॅटला टेकलं. काहीच लागलं नाही. नवी पॅड्स बसवताना पिस्टन आत ढकललेले असतात. ते पुढे येऊन पॅडला भिडेपर्यंत चार-पाच वेळा पेडल मारावं लागतं, आणि तेवढंच मी विसरलो होतो. गाडी मागे जात राहिली. हँडब्रेक ओढला तेव्हा मागचा बंपर ऑइलच्या पिंपाला टेकला होता. पिंपाला पाठ लावून रोज आमचा धुलाईवाला मुलगा चहा प्यायचा. त्या दिवशी तो नुकताच कप ठेवायला उठला होता. काकांनी मला घरी पाठवलं नाही, ओरडलेही नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले मात्र नाहीत. तेव्हापासून ब्रेकचं काम चालू असताना गाडीची किल्ली माझ्या खिशात असते आणि पेडल कडक लागल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. तुम्हीही हीच सवय लावा, पहिल्या दिवसापासून.

मागच्या ब्रेकला हात लावण्याआधी थांबा. दांड्याचा हँडब्रेक आणि मागे डिस्क असेल, तर बहुतेक वेळा पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही, दाबत फिरवावा लागतो. त्याचं वेगळं टूल येतं. पासाट किंवा ऑडीसारखा बटणाचा हँडब्रेक असेल, तर कॅलिपरवर छोटी मोटर असते. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून पिस्टन मागे घ्यायचा. सी-क्लॅम्पने जोर केलात तर आतले गिअर तुटतात आणि अख्खा कॅलिपर जातो. बीएमडब्ल्यूला पॅडमध्ये झीज ओळखणारा सेन्सर असतो. त्याची बारीक वायर डिस्कवर घासून तुटली की डॅशबोर्डवर दिवा येतो. असा तुटलेला सेन्सर नवाच टाकायचा आणि शेवटी सर्व्हिस रीसेट करायचा. आणि 2002 ते 2006 च्या दरम्यानची जुनी मर्सिडीज ई-क्लास दारात आली तर नव्या मुलाने तिच्याजवळही जाऊ नये. तिचा एसबीसी ब्रेक विजेवर चालतो. नुसतं दार उघडलं तरी पंप जागा होऊन पिस्टन दाबू शकतो, आणि तेव्हा तुमचं बोट पॅडपाशी असेल. स्कॅनरने सिस्टिम बंद केल्याशिवाय काका त्या गाडीचं चाकही खोलू देत नाहीत.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक दिसत नाही. एक गृहस्थ सापुताऱ्याहून परतले. "भाई, घाट उतरतां ब्रेक बराबर नथी लागती," एवढीच तक्रार. घाटात पेडल स्पंजासारखं झालं, अर्धा तास गाडी बाजूला उभी केली, मग सगळं ठीक. आमच्याकडे आली तेव्हा पेडल कडक, पॅड्स चांगली, डिस्क चांगल्या. मी गाडी परत द्यायला निघालो होतो. काकांनी एकच विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं? चार वर्षं झाली होती. टेस्टरवर त्याचा उकळबिंदू दीडशेच्याही खाली आला. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. हवेतलं पाणी शोषून त्यात 3.7 टक्के पाणी झालं की ही मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापतो, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल. त्यामुळे वर्कशॉपमध्ये काही सापडत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी. म्हणून कस्टमरला आधी विचारा: किती वेगात, गरम असताना की सकाळी पहिल्यांदा, कुठल्या रस्त्यावर, गाडी कुठल्या बाजूला ओढते. या चार प्रश्नांसाठी गुजराती समजायला हवंच.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हाचे दोन महिने मी विसरणार नाही. समा, अकोटा, सयाजीगंजमधून टो होऊन येणाऱ्या गाड्यांची गल्लीत रांग लागली होती. सगळ्यांना इंजिनाची चिंता, ब्रेकचं नावही कोणी काढत नव्हतं. एका पोलोचं मागचं चाक फिरेना. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होता. ड्रम हातोड्याने ठोकून काढला, तर आत गाळ सुकून भिंतीच्या गिलाव्यासारखा बसलेला आणि लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमला गंजाने चिकटलेले. हँडब्रेक लावूनच गाडी पाण्यात उभी होती. तेव्हापासून आम्ही पाण्यात बुडालेल्या गाडीचं ब्रेक ऑइल पूर्ण बदलतो, पिना आणि त्यांची रबरी टोपणं (बूट) उघडतो, बटणाच्या हँडब्रेकचे कनेक्टर खोलून हिरवा गंज पाहतो. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पंधरा दिवसांनी लागला तर आधी व्हील बेअरिंग बघा. त्यावरच्या चुंबकी रिंगला लोखंडाचा कीस चिकटतो आणि सेन्सर गोंधळतो.

पार्ट मागवताना फक्त मॉडेल आणि वर्ष सांगून चालत नाही. एकाच वर्षाच्या दोन स्कोडांना वेगळ्या मापाच्या डिस्क असू शकतात. डिकीत स्टेपनीजवळ स्टिकर असतो. त्यावरचे 1झेड किंवा 1एल ने सुरू होणारे कोड पुढच्या ब्रेकचे, 1के चे मागचे. पॅडच्या पाठीवर पॅडची ओळख सांगणारा पाच आकडी डब्ल्यूव्हीए नंबर आणि युरोपीय मान्यतेची आर90 ची खूण असते. ती जुन्याशी ताडून बघा. खोकं हुबेहूब आणि आतला माल भलताच, असं माझ्या हातून दोनदा परत गेलंय.

हत्यारांत स्वतःचं घ्यायचं तर आधी टॉर्क रेंच घ्या. मग 7 ची अॅलन की, टी30 चा टॉर्क्स, 11 चा ब्लीडरचा पाना आणि चाकाची माउंटिंग पिन. या गाड्यांना नट नसून बोल्ट असतात, पिनेशिवाय जड चाक भोकांशी जुळवताना हात भरून येतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक गाड्यांचे बोल्ट टॉर्क रेंचने 120 न्यूटन मीटरला आवळायचे. हवेच्या गनने ठोकू नका. कॅलिपर खोलला की तारेने बांधून ठेवा, होज पाइपवर लटकवू नका.

"एक्सप्रेसवेला ऐंशीच्या वर ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं" ही तक्रार आठवड्यातून एकदा असतेच. लगेच डिस्क वाकडी ठरवू नका. डिस्क जिथे बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा पातळ पापुद्रा असला तरी डिस्क तिरकी बसते. हब वायर ब्रशने चकचकीत करा, डिस्क लावा, डोल मोजणारा डायल गेज लावून फिरवून बघा, 0.1 मिमीच्या वर डोल नको. त्यानंतरही थरथर राहिली तर मग नवी डिस्क. नवा माल बसवल्यावर पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही, हे कस्टमरला सांगा आणि बिलावरही लिहा. शंभर किलोमीटरवर बोल्ट पुन्हा तपासायला गाडी बोलवा.

पहिले सहा महिने तुमच्याकडे चाकं काढणं, हब घासणं आणि मापं लिहिणं एवढंच काम असेल. कंटाळू नका, मापांची वही ठेवा, प्रत्येक गाडीचं जुनं पॅड बघून आधी स्वतःचा अंदाज लिहा, मग उस्तादाला विचारा. मला भेटायला यायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत या. बंद बूट घाला, वही आणा. दहाला गाड्या लिफ्टवर चढतात, मग संध्याकाळपर्यंत बोलायला सवड मिळत नाही.