सन कोरल उघडत नव्हतं, त्यावर केलेला उपाय

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं (मत्स्यालयातलं) सन कोरल (ट्यूबास्ट्रिया नावाचं प्रवाळ) कायम मिटलेलं असायचं आणि कडेचे पॉलिप (प्रवाळाचे तोंड आणि स्पर्शक असलेले छोटे जीव) झिजायला लागले होते. शेजारचं बबल-टिप ॲनिमोन (समुद्रफूल, प्रवाळाचाच नातलग) मात्र मजेत. ॲनिमोनच्या पेशींत झूझँथेली नावाचं शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतं. ट्यूबास्ट्रियाकडे ती सोय नाही. लाइट कितीही भारी लावा, पोटात घास गेल्याशिवाय ते जगत नाही.

पेच असा, की मिटलेल्या कोरलला भरवणार कसं? लाइट बंद झाल्यावर वितळवलेल्या मायसिसचं (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेलं खाद्य) थोडं पाणी पिपेटने त्याच्यावर सोडायला लागलो. वासाने स्पर्शक हळूहळू बाहेर येऊ लागले. मग पंप बंद करून प्रत्येक पॉलिपला वेगळा मायसिस. एकाला दिलं की सगळ्यांना पोचतं, या भरवशावर राहू नये.

खरी डोकेदुखी टँकमधल्या क्लीनर श्रिम्पची (एक छोटी कोळंबी). पॉलिपने गिळायला घेतलेला घासही तो खेचून नेतो! प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर टोपीसारखा ठेवला, बूच काढून तिथूनच पिपेट घातलं. गिळून होईपर्यंत टोपी तशीच ठेवायची. चोरी बंद.

एवढं खाणं पडलं की पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट (अन्न कुजून साठणारे क्षार) चढणारच. म्हणून उरलेलं अन्न लगेच ओढून घेतो, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नियमित धुतो आणि दर आठवड्याला पाणी बदलतो. नवं पाणी आधीच 1.025 घनतेला आणि टँकच्याच तापमानाला आणलेलं असतं. ॲनिमोन जागा सोडून फिरतं, त्यामुळे ते आत ओढलं जाऊ नये म्हणून पंपांच्या तोंडाला स्पंज लावलाय.